सासूबाई धरणाकाठी हरवल्या तो रविवार

त्या रविवारी सकाळी मी आणि सासूबाई एकमेकींशी बोलत नव्हतो. बोलणं आदल्या संध्याकाळीच तुटलं होतं, आणि ते मीच तोडलं होतं.

टोकावड्याजवळच्या एका गावात आमचं घर. मी शहापूर तालुक्यातून, डोळखांबकडून लग्न होऊन इथे आले. बारावी झालेली म्हणून गावातल्या अंगणवाडीत काम मिळालं. नवरा मुरबाडच्या एका कारखान्यात. घरात आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणायचे.

आत्यांनी सारं आयुष्य घाटरस्त्यावर खडी फोडण्यात घालवलं होतं. हाताची बोटं आखूड, जाड, नखं चपटी झालेली. पण त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. कल्याणच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू आहे, डावा डोळा गेलाच, उजवा किती दिवस टिकेल सांगता येत नाही. दिवसातून तीन वेळा थेंब घालायचे. थेंब मीच घालायचे. आंघोळीचं पाणी, ताट, परसाकडची वाट, सगळं मीच. त्यांना ते सहन व्हायचं नाही. बसून राहणं त्यांना ठाऊकच नव्हतं. म्हणून माझी पाठ वळली की त्या काहीतरी करायला उठायच्या, आणि त्यातून माझं काम दुप्पट व्हायचं.

त्या शनिवारी त्यांनी चूल पेटवली. मला चहा आयता मिळावा म्हणून. पेटवायला हाताला लागले ते कागद घेतले. ते माझ्या अंगणवाडीच्या वहीचे होते. तीन महिन्यांची मुलांची वजनं त्यात होती, आणि सोमवारी तपासणीला बाई यायच्या होत्या. मी घरात शिरले तेव्हा अर्धी वही जळून गेली होती.

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण एक वाक्य अजून तसंच्या तसं आठवतं. "तुमच्या डोळ्यांसंगं माझा पण जन्म चाललाय, आत्या. किती वर्षं असं धरून धरून चालायचं मी?"

शेजारच्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. आत्या चुलीपासून उठल्या, भिंत चाचपत ओटीवर गेल्या आणि बसल्या. जेवल्याही नाहीत.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या महिला मंडळाची लेणी बघायला जायची गाडी ठरली होती. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या बौद्ध वस्तीत रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन चालायचं, त्यातूनच हे निघालं होतं. माळशेज घाट चढून वर जायचं, धरणावर थोडं थांबायचं, तिथून जुन्नरच्या डोंगरातल्या लेण्यांवर वंदना घ्यायची आणि संध्याकाळपर्यंत परत. नवरा नको म्हणाला होता. "घाटात दरडी येतात, आईला धड दिसत नाय, कशाला नेतेस?" पण आत्यांचा महिनाभर एकच हेका. "जन्मभर दगड फोडले मी. दगडाचं घर करणारी माणसं कशी होती ती दिसतंय तवर बघायची हायत."

आदल्या दिवशीच्या भांडणानंतर मला वाटलं, त्या येणार नाहीत. पण सकाळी मी उठले तर त्या पांढरं लुगडं नेसून उंबऱ्यावर बसलेल्या. पायात निळ्या प्लास्टिकच्या चपला. मी काही न बोलता त्यांचा दंड धरला आणि गाडीपर्यंत नेलं.

ट्रॅक्स गाडीत आम्ही बारा जणी होतो, सगळ्या पांढऱ्या साड्यांत. मंडळाच्या अध्यक्षीणबाई पुढे चालकाशेजारी. वैशाखरे सोडलं तशी गाणी सुरू झाली. आत्यांना मी खिडकीजवळ बसवलं आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसले. ते सगळ्यांनी बघितलं.

भाद्रपदाचे दिवस. घाटात चढता चढता धुकं दाटत गेलं. बोगद्यापाशी पुढच्या एसटीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. धबधब्यांचा नुसता आवाज. वर पठारावर पोचलो तेव्हा चालक म्हणाला, इंजिन तापलंय, धरणावर अर्धा तास थांबू. रस्त्याकडेला एक चहाची टपरी होती. तिथून जमीन उतरत उतरत पाण्याकडे जात होती, साधारण दोन शेतांचं अंतर.

आम्ही उतरलो आणि तेवढ्यात धुकं बाजूला झालं. पलीकडे हरिश्चंद्रगडाची काळी भिंत, तिच्यावरून उतरणाऱ्या पांढऱ्या रेघा, आणि खाली पसरलेलं एवढं मोठं निळसर पाणी. बायका आनंदानं किंचाळल्या. मी पहिल्यांदाच इतकं पाणी एका जागी बघत होते.

आत्या माझ्या शेजारी उभ्या होत्या. आदल्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा त्या माझ्याशी बोलल्या. "पाणी दिसतंय का गो?"

"दिसतंय की. एवढं मोठं दिसतंय," मी म्हणाले. "तुमाला नाय दिसत?"

असं विचारायला नको होतं. मला माहीत होतं त्यांना काय दिसतं आणि काय दिसत नाही. पण मनात राग होता आणि तो असा बाहेर आला. आत्या म्हणाल्या, "मला नुसता उजेड दिसतोय."

मी त्यांना रस्त्याच्या कडेच्या एका दगडावर बसवलं, "हलू नका, चहा आणते" म्हटलं आणि टपरीकडे गेले. टपरीत गर्दी होती. बायका हसत होत्या, मीही थोडा वेळ त्यांच्यात रमले. खरं सांगायचं तर मला आत्यांकडे परत जायची घाई नव्हती. दहा मिनिटं झाली असतील, कदाचित पंधरा. तेवढ्यात धुकं परत उतरलं.

चहाचा पेला घेऊन मी दगडापाशी आले. दगड रिकामा होता.

"आत्या, चहा आणलाय," मी हाक मारली. मग पुन्हा एकदा, जरा कावून. मला वाटलं असतील इथंच, आडोशाला गेल्या असतील. मग मी दगडाभोवती फिरले. मग रस्त्यावर पुढे गेले, मागे आले. पेला हातातून कधी सांडला ते कळलं नाही. "आत्या! आत्या!" धुक्यात आवाज चार पावलंही जात नाही असं वाटत होतं.

बाकीच्या बायका धावत आल्या. सगळ्या पसरून हाका मारायला लागल्या. मला कुठेतरी पांढरं लुगडं दिसायचं, मी पळत जायचे आणि ती आमच्यातलीच कोणीतरी निघायची. त्या धुक्यात आम्ही सगळ्या पांढऱ्याच होतो. पाच-सहा वेळा असं झालं.

मग अध्यक्षीणबाईंचा आवाज खालून आला. "इकडं या. सगळ्या इकडं या."

पाण्याच्या काठावर, चिखल संपून गवत सुरू होतं तिथे, निळ्या चपला होत्या. घाईत सुटलेल्या नव्हत्या. एकीला एक लावून, देवळाबाहेर काढून ठेवतो तशा नीट ठेवलेल्या होत्या. पुढे चिखलात पावलांचे दोन-तीन ठसे. त्यानंतर पाणी.

मी पाण्यात शिरले. कमरेपर्यंत गेले. मला पोहता येत नाही. पाणी इतकं गार होतं की श्वास अडकला. मी हातांनी पाणी चाचपत होते, जणू त्या तिथेच खाली बसलेल्या असतील. चालकानं मागून येऊन मला धरलं आणि ओढून बाहेर काढलं. "वहिनी, खाली एकदम खोल आहे. तुमी पण जाल."

बायका माझ्याकडे बघत होत्या. ती नजर मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांतल्या दोघी आदल्या संध्याकाळी माझ्या दारात उभ्या होत्या. त्यांतली एक दुसरीच्या कानाशी लागली, पण शब्द मला ऐकू आले. "काल काय काय बोलली ती."

अध्यक्षीणबाईंनी मला समोर उभं केलं. त्या वाईट नव्हत्या. पण त्यांनी विचारलं, "तिच्यासंगं शेवटची तूच होतीस. काय बोलणं झालं तुमचं? खरं सांग."

"पाणी दिसतंय का म्हणाल्या," मी म्हणाले. पुढचं सांगता येईना.

ठरलं असं की चालकानं चार जणींना घेऊन पुढच्या गावात जायचं. तिथे एसटीडी बूथ होता. तिथून पोलिसांना कळवायचं आणि मुरबाडला कारखान्याच्या गेटवर फोन करून, रविवारच्या पाळीला गेलेल्या माझ्या नवऱ्याला निरोप द्यायचा. निरोप काय द्यायचा ते कोणी मला विचारलं नाही. गाडी गेली. बाकीच्या आम्ही काठावर राहिलो.

तो तासभर मी चपलांशेजारी चिखलात बसून होते. ओल्या साडीत थरथरत होते. मला दुःख होत होतं असं म्हणता येणार नाही. दुःख त्याच्या पलीकडे कुठेतरी होतं. मला फक्त भीती वाटत होती. नवरा आला की त्याला काय सांगू? मुलीला काय सांगू? वस्तीत मी कशी राहू? आणि या सगळ्याच्या खाली एक गोष्ट सारखी ढुसण्या देत होती. बायकांना वाटतंय ते खोटं होतं, पण फार खोटं नव्हतं. मी ढकललं नव्हतं. पण त्या स्वतःच्या पायांनी गेल्या असतील तर तिथवर त्यांना मीच आणून सोडलं होतं. किती वर्षं धरून चालायचं, असं मी विचारलं होतं. त्यांनी मला उत्तर दिलं होतं.

एकदा मनात आलं, आपणही उठावं आणि चालत जावं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. उठलेही. अध्यक्षीणबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्या साडीचा पदर आपल्या मुठीत घट्ट धरला. गाडी येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

गाडी परत आली ती हॉर्न वाजवतच. चालक खिडकीतून ओरडत होता, "बसा, बसा लवकर! म्हातारी लेण्यावर गेली!"

पुढच्या गावात दूध गोळा करायच्या जागी त्यानं सहज चौकशी केली होती. तिथली माणसं म्हणाली, जुन्नरला दूध नेणाऱ्या टेंपोत एक म्हातारी पुढे बसलेली होती. पांढरं लुगडं, अनवाणी, पाय चिखलानं भरलेले. टेंपोवाल्याला तिनं सांगितलं होतं, माझी माणसं मला विसरून पुढं लेण्यावर गेली.

"पण फोन?" मी विचारलं.

चालकाचा चेहरा उतरला. पोलिसांचा फोन लागला नव्हता, पण दुसरा आधीच झाला होता. कारखान्याच्या गेटवर निरोप गेला होता की आई धरणात पडली. नंतर पुन्हा लावला तर गेटवरचा माणूस म्हणाला, तो कोणाची तरी मोटरसायकल घेऊन केव्हाच निघाला.

आता त्याला थांबवायचा काही मार्ग नव्हता. दोन जणी त्याच्यासाठी टपरीवर थांबल्या आणि आम्ही पुढे निघालो. गाडीत गाणी नाहीत. मला अजून खरं वाटत नव्हतं. पांढऱ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या काय कमी असतात? जुन्नरपर्यंतचा तो रस्ता जितका लांब वाटला तितका कुठलाच रस्ता मला पुन्हा लांब वाटला नाही.

घाटमाथा सोडला तसं ऊन पडलं. लेण्यांच्या पायथ्याशी रविवारची गर्दी होती. मी गाडी थांबायच्या आधीच उडी मारली आणि पायऱ्या चढायला लागले. त्या संपतच नव्हत्या. वर राखणदार बसला होता. मला धाप लागलेली, बोलता येईना. त्यानंच माझी चिखलानं भरलेली पांढरी साडी बघून विचारलं, "दिसत नाही त्या आजी तुमच्या का? टेंपोवाल्यानं हात धरून वर आणून सोडलं. मोठ्या लेण्यात आहेत. तासभर झाला, बाहेरच येईनात."

आत अंधार होता. बाहेरच्या उन्हातून गेल्यावर मला काहीच दिसेना. दोन्ही बाजूंना खांबांची रांग, त्यांच्या माथ्यावर कोरलेली जनावरं, आणि शेवटी तो भला मोठा गोल स्तूप. आधी मला आवाज ऐकू आला. हात दगडावरून घासत जाण्याचा. मग स्तूपाच्या मागून आत्या आल्या. एक हात दगडावर ठेवून त्या त्याला फेरी घालत होत्या.

मी काही बोलले नव्हते, तरी त्या थांबल्या. "आलीस?" म्हणाल्या.

मला वाटलं होतं, दिसल्या तर मी पाया पडेन, मिठी मारेन. पण मला भयंकर राग आला. मी त्यांचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं. "कुठं होता तुमी? काय केलंत हे? चपला! चपला तिथं कशाला ठेवल्यात?"

"हळू," त्या म्हणाल्या. "बाकीच्या आल्या का?"

"येतायत."

"मग लवकर सांगते. मी पाण्यात गेले होते." त्या अगदी हळू बोलत होत्या, तरी त्या कमानदार छताखाली प्रत्येक शब्द मोठा होत होता. "गुडघ्यापर्यंत गेले. म्हटलं, दुसरा पण डोळा जायच्या आत आपणच जावं. कोणाच्या हाताखाली राहायला नको. पाणी लय गार होतं गो. आणि तेवढ्यात तू हाक मारलीस, चहा आणलाय म्हणून."

"मग ओ का नाय दिली?"

"लाज वाटली. लुगडं ओलं, काय सांगू तुला? दुसऱ्या बाजूनं वर चढले तर गाडी कुठं ते कळेना. रस्त्यावर टेंपो थांबला. मनात आलं, लेणी तर बघायची राहिलीच."

त्यांचे पाय खरचटलेले होते, टाचेतून रक्त येऊन वाळलं होतं. मी खाली बसले आणि तेव्हा कुठे मला रडू आलं. आत्या माझ्या शेजारी टेकल्या. त्यांनी माझा हात धरला आणि स्तूपाच्या अंगावर ठेवला. "हे बघ. टाकीचे घाव बघ कसे सारखे. एक जास्त खोल नाय, एक कमी नाय. मी खडी फोडली ती नुसतीच फोडली. ह्या माणसांना घाई नव्हती."

मला टाकीच्या घावांचं काही सुचत नव्हतं. मी म्हणाले, "पुन्हा असं कराल?"

पायऱ्यांवर बायकांचे आवाज यायला लागले होते. दुपारचे थेंब घालायची वेळ टळून गेली होती. बाटली माझ्या पिशवीत होती, ती भिजली नव्हती. मी त्यांची हनुवटी वर केली आणि उजव्या डोळ्यात थेंब घातला. नंतर डाव्याही घातला. डाव्याचा काही उपयोग नव्हता.

बायका आत शिरल्या, काही रडायला लागल्या, काही ओरडायला. आत्यांनी सगळ्यांना एकच सांगितलं. पाय धुवायला पाण्यावर गेले, धुक्यात वाट चुकले, टेंपोवाल्यानं बसवलं, मला वाटलं तुमी पुढं गेलात. कोणी खरं मानलं, कोणी नाही. अध्यक्षीणबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि "चला, वंदना घेऊ" म्हणाल्या. आम्ही सगळ्या स्तूपासमोर बसलो. आत्या सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होत्या.

परत येताना धरणावर गाडी थांबली तेव्हा नवरा काठावर होता. टपरीवर थांबलेल्या दोघींनी त्याला आई जिवंत आहे म्हणून सांगितलं होतं, पण त्याचा विश्वास बसला नव्हता. लोक धीर द्यायला असंच सांगतात, असं त्याला वाटलं. दोन माणसांना घेऊन तो बांबूनं पाणी ढवळत होता. आत्या गाडीतून उतरल्या. त्यानं बघितलं आणि तो जागच्या जागी चिखलात बसला. घाटात कुठेतरी मोटरसायकल घसरून त्याचा गुडघा फुटला होता, तेही त्याला माहीत नव्हतं.

त्यानं आईला काही विचारलं नाही. मला विचारलं. "काय झालं होतं?"

मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी आत्याच बोलल्या. "मीच मूर्ख. तिनं बसवलं होतं तिथनं उठले. तिला काय बोलू नको."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा दुसरा डोळाही गेला. त्यानंतर त्या सहा वर्षं जगल्या. आमची भांडणं थांबली असं नाही. पण एक बदल माझ्यात झाला आणि तो गेला नाही. त्यांना माझ्या हाकेला ओ द्यायला जरा उशीर झाला तरी मी हातातलं काम टाकून धावायचे. विहिरीवर मी त्यांना कधी एकटं जाऊ दिलं नाही. अंगणवाडीतून दुपारी दोनदा घरी चक्कर मारायचे. एकदा आले तर दार आतून बंद. मी इतक्या मोठ्यानं ओरडले की अख्खी वस्ती गोळा झाली. आत्यांनी दार उघडलं. झोपल्या होत्या, केस विस्कटलेले. लोक हसत परत गेले. त्या माझा हात धरून मला आत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "किती राखशील गो मला? मी आता कुठं जात नाय."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनदा परत गेले. माघात त्या घरातच, तापानं गेल्या तोवर मी रोज जात राहिले. नवऱ्याला खरं काय झालं ते मी अजून सांगितलेलं नाही. आज तो शेजारच्या खोलीत झोपलाय, आणि हे लिहिताना, सांगून टाकावं म्हणून मी दोनदा उठून त्याच्या दारापर्यंत गेले आणि परत आले.